उर्वशीचा कच्चा ढावलो

घाटंजीकडच्या त्या मिशन शाळेत शेवटचा तास मराठीचा. साधना मॅडम आल्या की आधी खिडक्या लोटायच्या. "डोकी बाकावर. डोळे मिटा. आता घरी जा." वर्ग अर्धवट झोपेत तरंगायला लागायचा. कोणाला आईच्या तव्याचा वास यायचा, कोणाला तुरीच्या शेंगांची खुळखुळ ऐकू यायची, कोणी सरळ घोरायचं. मग डोळे उघडून जे दिसलं ते लिहायचं.

"मॅडम, हा मराठीचा तास की प्रार्थनेचा?" मोठ्या सिस्टर दारातून विचारायच्या.

"डोळे तं दोन्हीत मिटाच लागते, सिस्टर."

साधना मारेगावकडची. आईबाप बुद्धविहारात गाणी म्हणत अन ही पोर पेटीजवळ सतरंजीवर झोपून जाई. गाणं आधी झोपेत शिरतं, मग कागदावर उतरतं, असं तिचं मत तिथंच पक्कं झालं.

त्या हिवाळ्यात तिनं पोरांना घरच्या म्हाताऱ्यांकडून एकेक गाणं शिकून यायला सांगितलं. वर्गातल्या जेबानं नानीची अंगाई आणली. दहावीतल्या उर्वशी राठोडनं तांड्यावर आपल्या हंसाबाई आजीला ढावलो मागितला. ढावलो म्हणजे बंजारा नवरीनं माहेर सोडताना एकेकाच्या गळ्यात पडून, रडत म्हणायचं गाणं. साधनाला एवढंच ठाऊक होतं. त्या तांड्यावर पोरीनं आपणहून ढावलो मागितला, म्हणजे आपण लग्नाला तयार आहोत असं तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, असं धरतात, हे साधनाच्या गावीही नव्हतं.

मग उर्वशी शाळेत दिसेना. जेबा म्हणाली, "मॅडम, तिले पाहाले पाव्हणे येऊन राह्यले."

शाळा सुटल्यावर साधना तशीच तांड्यावर गेली.

"या मास्तरीनबाई," हंसाबाई अंगणातूनच बोलली, "तुमीच तं शिकवाले लावला."

"म्या गाणं मागतलं होतं, माय. पोरगी नाही मागतली."

"ढावलो का पेपरात लिव्हाचा असते?"

उर्वशीचा बाप धरमसिंग खाटेवर बसला होता. "पाव्हण्याइले आता काय सांगू? पोरीनं गंमत केली म्हनून?"

"तिले एकडाव म्हणू तं द्या," साधना म्हणाली. "शिकली का नाही, थेच पाहू."

बाया गोळा झाल्या. उन्हं कलली होती, चुलींचा धूर अंगणावर तरंगत होता. उर्वशीनं डोळे मिटले अन सूर लावला. बकरीचा निरोप घेतला, निंबाचा घेतला, शाळेच्या बसमधल्या मागच्या खिडकीचाही घेतला. अंगण हळूहळू जागेवरून सुटल्यासारखं झालं. बाया डुलायला लागल्या, एक म्हातारी हुंदका देऊन मोकळी झाली, धरमसिंग खाली बघत राहिला. खुद्द हंसाबाई पदरात नाक शिंकरत होती.

उर्वशीनं डोळे उघडले. "आजी, दुसरं कडवं बरोबर होतं का वं?"

हंसाबाईनं तिची हनुवटी धरली, तोंड उजेडाकडं वळवलं.

"पान्याचा थेंब नाही! साऱ्या तांड्याले रडवलं अन हे कोरडी ठाक. हिले अशी धाडली तं लोक म्हनतीन, हंसाबाईनं काईच शिकवलं नाही."

"मंग पाव्हणे?" धरमसिंगनं विचारलं.

"येऊ नोका म्हना. ढावलो कच्चा हाय."

"पिकन कधी?"

"मले काय माईत? माहा तं सासरी गेल्यावर पिकला."

"पन दुसरं कडवं, आजी?"

"चुकलं. बस इथं."

उर्वशी बसली. साधनाही भिंतीला टेकून बसली. म्हातारीनं सूर धरला तशा साधनाच्या पापण्या जड झाल्या, अन शेवटची बस कधी निघून गेली ते तिला कळलंच नाही.