कोरडे पोहे

इंजिनिअर झालो आणि घरी सांगून टाकलं, वर्षभर नोकरी धरणार नाही. आधी सैन्य, मग कॉलेज. दुसऱ्यांनी आखलेल्या रेघेवर चालून मला वीट आला होता. दूर वाळवंटातल्या मित्स्पे रामोनच्या खाणीत ट्रक चालवायला लागलो. तिथंही जीव रमेना. शुक्रवारी अश्केलोनला घरी यायचो आणि शनिवारी दिवस मावळून, शब्बाथ संपून बस कधी सुरू होते, म्हणून येरझाऱ्या घालायचो.

मला इंजिनिअरची नोकरी लागली की एलियाहू हनाबीचा मलिदा करीन, असा आईचा नवस होता. एलियाहू हा आम्हा मराठी ज्यूंचा संदेष्टा, आणि मलिदा म्हणजे त्याच्या नावानं केलेला भिजवलेल्या पोह्यांचा गोड नैवेद्य. मी दारात दिसलो की विचारायची, "काय रे, भिजवू का पोहे?"

मी हिब्रूत खेकसायचो, "अजून नाही!"

पुढं प्राध्यापकांनी परस्पर नाव सुचवलं आणि नेमणुकीचं पत्र आलं. मलिदा झाला की सुटका नाही, म्हणून ते पँटच्या खिशात दडवलं आणि तीच पँट विसरून घरी धुवायला टाकली.

पुढच्या शुक्रवारी पँटला इस्त्री झालेली होती. खिशात पत्र होतं, वाळवून त्यालाही इस्त्री केलेली. मी वळलो, तर मागे आई उभी.

"राहू दे," ती म्हणाली. "कोरडे पोहे वर्षभर टिकतात."