अडकलेली टी.सी.

माझी टी.सी. आप्पांनी मला न विचारता जमा करून टाकली. लातूरच्या पत्रकारितेच्या नव्या इन्स्टिट्यूटमध्ये मी वरच्या मजल्यावर स्टुडिओ बघत होते. तेवढ्यात खाली ऑफिसात आप्पांनी बी.एस्सी.चे मेमो, म्हणजे गुणपत्रकं, आणि मूळ टी.सी. संचालकांच्या हातात देऊन बुकिंगची पावती खिशात घातली होती. मी जिना उतरून आले तेव्हा दोघं चहा पीत बसलेले.

"झालं काम," आप्पा म्हणाले. "पेढा घे."

संचालक आमच्याच समाजातले, आणि आप्पांच्या पाइप-मोटारीच्या दुकानाचे पंधरा वर्षांचे गिऱ्हाईक. दोघं भेटले की 'शरणु शरणार्थी' असा आमच्यातला नमस्कार करून अर्धा अर्धा तास बोलत उभे राहायचे. आप्पांच्या लेखी कॉलेज निवडायचं म्हणजे माणूस ओळखीचा आहे का, एवढंच बघायचं. वर पोरगी घरून डबा घेऊन जाणार आणि दिवस मावळायच्या आत घरी येणार. नीटच्या परीक्षेत माझी दोन वर्षं गेली होती, मग बी.एड. नको म्हटल्यावरून घरात महिनाभर अबोला झाला होता. एवढं होऊन त्यांनी पत्रकारितेला हो म्हटलं, हेच खूप होतं. म्हणून मी पेढा घेतला. पण खाल्ला नाही, रुमालात गुंडाळून ठेवला.

कारण वर मी जे बघितलं ते मनातून जात नव्हतं. स्टुडिओतल्या कॅमेऱ्यावर प्लास्टिकचं कव्हर होतं आणि कव्हरवर धुळीचा थर. दाखवायला आलेल्या मॅडमना मी म्हटलं, "जरा चालू करून दाखवता का?" त्या म्हणाल्या, ऑपरेटर सुट्टीवर आहे. भिंतीवर मुलांनी काढलेला अंक फ्रेम करून लावला होता. त्यानंतरचा अंक मागितला तर तो छापायला गेलाय म्हणाल्या.

अर्धापूरला माझी मावशी राहते. तिच्या शेजारी एक ताई आहे, एका दैनिकाला तालुक्याच्या बातम्या पाठवणारी. केळीचे भाव, अपघात, ग्रामसभा, सगळं एकटी करते. घरी आल्याबरोबर मी तिला फोन लावला.

"स्टुडिओ बघून काय करतीस?" ती म्हणाली. "तिथल्या पोरांना विचार, तुमची कॉपी, म्हंजे लिहिलेली बातमी, शेवटची कधी परत आली आणि कशापायी आली. त्यावरून कळतंय शिकवतात का न्हाई. आणि नांदेडला एक जुनं अनुदानित कॉलेज हाय, तिथं परवा प्रवेशपरीक्षा हाय, फॉर्म तिथंच मिळतोय. वर्षाची फी तुमच्या बुकिंगपेक्षा कमी निघंल. एकदा बघून तर ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इन्स्टिट्यूटच्या गेटबाहेर उभी राहिले. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी गाडी लावत होती. तिला ताईचा प्रश्न जसाच्या तसा विचारला.

"परत?" ती हसली. "परत कशाला करतील? सर लई चांगले हायत. सगळ्यांना ए ग्रेड देतात."

तिथून मी सरळ दुकानात गेले. आप्पा एका गिऱ्हाइकाला पाइप मोजून देत होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, कॅमेरा, अंक, ती मुलगी, नांदेडची परीक्षा.

"आता काय करलालीस तू हे?" आप्पांनी टेप गुंडाळली. "मी शब्द दिलाय त्यांना."

"शब्द तुम्ही दिलाय आप्पा. मी न्हाई दिला."

असं मी त्यांच्याशी कधीच बोलले नव्हते. गिऱ्हाईक खाली बघायला लागलं. आप्पांनी पाइपाचं बिल केलं, सुट्टे दिले, आणि गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाले, "उद्या चल नांदेडला. डोळ्यांनी बघ, आणि मग गप बस."

एसटीत आप्पा खिडकीबाहेर बघत बसले, अहमदपूर गेलं. लोह्याला त्यांनी पाण्याची बाटली घेतली आणि माझ्याकडे न बघता माझ्या मांडीवर ठेवली.

नांदेडचं कॉलेज बघून माझंच मन खचलं. रंग उडालेली इमारत, पत्रकारितेला तीन खोल्या, एका खोलीत छतापर्यंत वर्तमानपत्रांच्या फायली. आप्पांनी भिंतीवरची ओल बघितली, मग माझ्याकडे बघितलं. विभागप्रमुख मॅडम पन्नाशीच्या होत्या. परीक्षेला आलेल्या आम्हा तीसेक जणांना त्या म्हणाल्या, "पेपर नाही. दोन तास देते. बाहेर जा, एक बातमी घेऊन या. एक पान, जास्त नको."

बाहेर चौकात मला सिटी बसचा थांबा दिसला. नवा निवारा रिकामा, आणि माणसं पलीकडे कडुलिंबाच्या झाडाखाली रस्त्यावर उभी. एका रिक्षावाल्याला विचारलं तर तो म्हणाला, पालिकेनं थांबा हलवला, लोकांचे हाल चाललेत. मला वाटलं, मिळाली बातमी. सव्वा तासात लिहून मी सगळ्यांच्या आधी पान नेऊन दिलं.

मॅडमनी पहिली ओळ वाचली. "पालिकेनं थांबा हलवला. कोणी सांगितलं?"

"रिक्षावाल्यानं."

"त्याला कोणी सांगितलं?"

ते मी विचारलं नव्हतं.

"पालिकेच्या नावावर ढकललंस आणि विचारलं कोणालाच नाही." त्यांनी लाल पेनानं अख्खं पान तिरकं खोडलं आणि घड्याळ बघितलं. "चाळीस मिनिटं आहेत. जा परत."

मी पळत सुटले. व्हरांड्यात बसलेले आप्पा उठून उभे राहिलेले दिसले, पण थांबायला वेळ नव्हता. झाडाखाली एक बस नुकतीच येऊन लागली होती. ड्रायव्हरला विचारलं, थांबा कोणी हलवला?

"कोण हलवतंय?" तो म्हणाला. "त्या निवाऱ्याचा पत्रा तापतोय, बसवत न्हाई आत. माणसं सावलीला येऊन उभी राहतात. मी माणसं बघून थांबतो."

दोन बायकांना विचारलं, त्यांनीही तेच सांगितलं. कॉलेजच्या पायरीवर बसून मी सगळं नव्यानं लिहिलं. शेवटचं वाक्य अर्धंच राहिलं आणि वेळ संपला, पान तसंच देऊन आले.

"दुसऱ्यांदा कुठं पळालीस?" आप्पांनी विचारलं.

"चुकलं होतं. परत पाठवलं."

"म्हंजे नापास केलं?"

"न्हाई आप्पा. परत पाठवलं."

माझ्याच वयाची पोरं खोडलेली पानं हातात घेऊन ये-जा करत होती, आप्पा त्यांच्या हातांतली पानं बघत राहिले.

चार वाजता यादी लागली. माझा नंबर आठवा. आनंद करायलाही वेळ मिळाला नाही, कारण क्लार्कनं सांगितलं, "मूळ टी.सी. उद्या पाचपर्यंत. नाही आली तर जागा वेटिंगच्या पोराला."

परतीच्या एसटीत मी डोळे मिटून बसले होते, झोप नव्हती. आप्पा उद्या दुकान उघडतील आणि विषय तिथंच संपेल, असंच वाटत होतं. सकाळी ते आंघोळ, पूजा करून, कपाळाला विभूती लावून दारात येऊन उभे राहिले. "चल," एवढंच म्हणाले.

संचालकांनी आधी चहा मागवला. मग आप्पांनी विषय काढल्यावर त्यांचा चेहरा बदलला. पावती उलटी करून त्यांनी मागची बारीक अक्षरं दाखवली. "टी.सी. पाहिजे तर वर्षाची फी भरावी लागती. नियम हाय."

"बुकिंग ठेवून घ्या तुम्ही," आप्पा म्हणाले. "पोरीचा नंबर लागलाय तिकडं."

संचालक हसले. "अहो, तिला का खरंच गावोगाव फिरून बातम्या करायच्यात? दोन वर्षांनी तुम्ही तिचं लगीन करताव. पत्रिकेवर डिग्री लागती, ती इथं घरबसल्या मिळती की. कशाला तिकडं जीव काढायचा?"

आप्पांनी कपाळावरून हात फिरवला, विभूतीचे पट्टे फिसकटले. मला वाटलं ते उठून जातील. ते खुर्चीत आणखी मागे सरकून बसले.

"टी.सी. द्या. मी दुकान बंद ठेवून आलोय. मला घाई न्हाई."

दहा वाजले, साडेदहा वाजले. प्रवेशासाठी माणसं येत होती. शेजारच्या खुर्चीवर कोणी बसलं की विचारायचं, तुमची पोरगी का इथंच? आप्पा आवाज न चढवता सांगायचे, "न्हाई. तिची टी.सी. घ्यायला बसलोय. हे देईनात." संचालक टेबलामागून ऐकत होते. सव्वाअकराला तिसऱ्या एका गृहस्थानं पुढे केलेला अर्ज परत पिशवीत घातला आणि "घरी विचारून येतो" म्हणत उठला. तेव्हा संचालकांनी शिपायाला हाक मारली आणि माझी फाइल टेबलावर आपटली.

पावणेबाराची एसटी मिळाली. लोह्याला बाजाराच्या गर्दीत ती अडकून पडली आणि मी दर मिनिटाला मोबाइलवर वेळ बघत राहिले. नांदेडला उतरून रिक्षानं कॉलेजवर पोचलो तेव्हा पाचला दहा मिनिटं कमी होती. क्लार्क कपाट लावत होता.

"झेरॉक्स कुठाय?"

झेरॉक्स आम्ही काढलीच नव्हती. आप्पा कागद घेऊन समोरच्या दुकानाकडे पळाले. त्यांना पळताना मी पहिल्यांदाच बघितलं. दोन मिनिटांनी धापा टाकत आले, अर्जावर शिक्का बसला, आणि बाहेर पायरीवर आल्यावर आमच्या ध्यानात आलं की मी राहणार कुठं, याचा आम्ही दोघांनीही विचार केलेला नव्हता. हॉस्टेलची यादी केव्हाच भरली होती. शेवटी पहिले सहा महिने मी मावशीकडे अर्धापूरला राहून रोज एसटीनं ये-जा केली. त्या सहा महिन्यांत माझी किती पानं खोडली गेली, त्याचा हिशोब नाही.

आता मी नांदेडलाच एका दैनिकात काम करते. संचालकांनी आमच्या दुकानात येणं बंद केलं ते केलंच. मागच्या वर्षी उदगीरला एका लग्नात ते समोर आले. आप्पांनी हात जोडले, "शरणु शरणार्थी" म्हणाले आणि पुढे चालायला लागले. जेवायला दोघं वेगवेगळ्या पंगतीत बसले.

गाडीत मी विचारलं, "आप्पा, वाईट वाटतंय का?"

"वाटतंय की," ते म्हणाले. "पंधरा वर्षांची ओळख होती."