सत्यभामाबाईचं डेअरीतलं इंग्रजी

सत्यभामाबाई चौथी शिकलेली, पण तिच्यापुढं तोंड उघडायची कुणाची टाप नव्हती. युसूफ वडगावच्या अलीकडं एका खेड्यात तिनं बायांची दूध संस्था उभी केली अन् चेअरमनच्या खुर्चीत अशी काही बसली, की नवरासुद्धा डेअरीत आला की 'चेअरमनबाई' म्हणायचा. म्हणेल न्हाईतर काय!

त्या साली दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, जनावरं छावणीत गेली, दूध निम्म्यावर आलं. तालुक्याच्या दूध संघाचे मोहनराव म्हणाले, "बाई, एवढ्याशा दुधाला थंड करायचं मशीन कशाला? परदेशी संस्थेनं दिलेलं हाय. त्यांचे पाव्हणे येतील, बघतील, दुसऱ्या गावाला देतील."

दुसरं गाव म्हणजे मोहनरावांची सासुरवाडी, हे शेंबडं पोरही सांगेल. मशीन गेलं की त्या उन्हात दूध नासणार अन् संस्थेला कुलूप लागणार. आणि पाव्हण्यांशी इंग्रजीत बोलणार कोण? तर हेच मोहनराव!

"आमचं गाऱ्हाणं आमीच सांगू," असं म्हणून सत्यभामाबाई तडक अमीरबीकडं गेली. अमीरबी म्हणजे फळवाल्या पाशाची सून, परभणीला कॉलेज केलेली. तिनं दोनच बोल निवडले. 'रन आऊट' म्हणजे संपणं आणि 'गिव्ह अप' म्हणजे हात टेकणं. पण काल, आज अन् उद्या, तिन्हीकडं ते बिनचूक म्हणता आले पाहिजेत, ही तिची अट.

घोकायला वेळ कुठला? मग दूध घालायच्या रांगेतच शाळा भरली. सत्यभामाबाई भजनातल्यासारखी कालची ओळ सांगायची, बाया मागून आजची अन् उद्याची झील ओढायच्या. ओळ म्हटल्याशिवाय कुणाची किटली ओतून घेत नसत. एरवी कुणासाठी तंबाखू न थुंकणारी छबुबाईसुद्धा ती थुंकून ओळ म्हणायची, मग दुसऱ्यांची काय कथा!

पाव्हणा आला, उन्हानं लालबुंद झालेला. "आज कुणी मागून झील ओढायची न्हाई," असा बायांना दम देऊन सत्यभामाबाई मोहनरावांच्या आधी उभी राहिली.

"सर, वुई रॅन आऊट ऑफ वॉटर इन जानेवारी. नाऊ वुई आर रनिंग आऊट ऑफ फॉडर."

पाणी जानेवारीतच संपलं, आता चारा संपत आलाय. एक चूक न्हाई! दारात अमीरबीनं ओढणीचं टोक दातांत धरलं होतं.

"बट वुई डिड नॉट गिव्ह अप," सत्यभामाबाई म्हणाली, अन् घात झाला. सवयीनं सगळ्या बाया एका सुरात गरजल्या, "वुई आर नॉट गिव्हिंग अप! वुई विल नेव्हर गिव्ह अप!"

वरचे पत्रे दणाणले. सत्यभामाबाईनं बायांकडं डोळे वटारले. सटव्यांनो, घालवलं की मशीन! मोहनराव तर तोंडावर रुमाल धरून हसत होते.

पाव्हणा मात्र हसला न्हाई. त्यानं रांगेतल्या एकेकीकडं नीट बघितलं, किटल्यांतलं दूध बघितलं, आणि मोहनरावांना काहीतरी सांगितलं. मोहनरावांचं तोंड एवढंसं झालं.

"मशीन हितंच राहील म्हनतेत," ते पुटपुटले.

बायांनी एकच कल्ला केला. सत्यभामाबाईचा ऊर अभिमानानं भरून आला. ह्या तिच्या बाया होत्या!

जाता जाता पाव्हण्यानं तिला विचारलं, "अँड नेक्स्ट समर?"

पुढच्या उन्हाळ्याचं काय? ह्याचं उत्तर कुणी पाठ केलेलं नव्हतं. सत्यभामाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला अन् ताठ मानेनं म्हणाली, "कम अँड सी."

"या अल्ला!" अमीरबी दारातून ओरडली, "ये तो मैं सिखाईच नै थी!"