दारात अडकलेली मडम

कांबळे सर चाकणच्या माझ्या फ्लेक्सच्या दुकानात आले की आधी भिंतीवरच्या वाढदिवसांच्या फ्लेक्सना नमस्कार करायचे. "नमस्कार भावी नगरसेवक, नमस्कार भावी आमदार. सध्याचं कुणीच नाही का रे विलास?" कुरुळीच्या शाळेतून निवृत्त झालेला हा चित्रकलेचा मास्तर माझ्याकडे डिझाइन करायला बसायचा आणि गिऱ्हाइकाची त्याच्या तोंडावर टर उडवायचा. धंद्याच्या मुळावर आलेला माणूस, पण त्याच्याशिवाय मला करमायचं नाही.

त्यांच्या पिशवीत दीडशे वर्षांपूर्वीच्या विलायती मासिकांचा बांधीव गठ्ठा असे, रद्दीतून उचललेला. त्यात बड्या घरच्या साहेब-मडमांची व्यंगचित्रं. सरांचं लाडकं चित्र एकच: झग्याचा घेर एवढा की मडम स्वतःच्याच दारात अडकलीय आणि नोकर मागून ढकलतायत. "गंमत म्हणजे," सर सांगायचे, "हे अंक विकत घ्यायचे तेच बडे लोक. प्रत्येकाला वाटायचं, चित्र शेजाऱ्याचं आहे."

आमच्या भागातले पुढारी अण्णा. त्यांनी कंपनीला जमीन देऊन भली मोठी गाडी घेतली. वाढदिवसाला त्यांना 'काहीतरी हटके' हवं होतं. सरांनी तीच मडम काढली, फक्त झग्याच्या जागी गाडी: गल्लीत रुतलेली, आत सोन्याच्या साखळ्यांनी वाकलेले अण्णा, मागून ढकलणारे कार्यकर्ते. मी ते घाईघाईने पालथं घालायला गेलो. अण्णा मात्र पोट धरून हसले. "लई भारी, सर. शेजारच्या बाळूला बरोबर धरलाय राव." आणि चौकात लावायला मोठ्यात मोठा छापून घेतला. सर त्या दिवशी चहासुद्धा प्यायले नाहीत. "जन्मभर टोचायला शिकलो," जाताना म्हणाले, "एकाला तरी लागायला हवं होतं रे."

गेल्या वर्षी सर गेले. सकाळी बातमी आली, दुपारी श्रद्धांजलीचा फ्लेक्स सरांच्या गल्लीच्या तोंडाशी उभा. कोपऱ्यात सर तिकिटाएवढे, मधोमध हात जोडलेले अण्णा. शववाहिका निघाली ती फ्लेक्सच्या बांबूंत अडकली. पोरं मागून ढकलायला लागली.

"कुणी लावलाय रं हा मधीच?" गर्दीतून पुढे येत अण्णांनी विचारलं आणि वर पाहिलं. अण्णा फ्लेक्सवरच्या स्वतःकडेच बघत राहिले. मग चपला काढल्या, मान खाली घातली आणि एकेक दोरी आपल्या हाताने सोडायला लागले.

मला रडू येत होतं आणि हसूही. गाडीत सरांच्या उशाशी बसलो होतो. वाकून त्यांच्या कानाशी म्हणालो, "लागलं, सर."