पिशवी पालथी कर!

खरवडे डॉक्टरांना माणसं चेहऱ्यावरून कधीच ओळखू आली नाहीत. शिरोड्याच्या बाजारात कोणी हात जोडून "ओळखलात काय?" म्हटलं, की ते त्याच्या तोंडाकडे बघायचेच नाहीत. त्याची बाही वर सारायचे, कोपर उजेडाकडे फिरवायचे आणि मग एकदम खुलायचे. "अरे, तू! सोरायसिस! बरो आसंस मा?" एका लग्नात तर भर मांडवात त्यांनी वधूपित्याची ओळख मला "ह्यो आपलो काखेतलो नायटो" अशी करून दिली. ते गृहस्थ अजून माझ्याशी बोलत नाहीत. जणू नायटा मी दिला होता.

त्यांचं खरं आडनाव वेगळं होतं. मुंबईच्या एका मेडिकल कॉलेजात जन्मभर त्वचारोग शिकवून ते निवृत्त झाले, गावी परतले आणि एका ट्रस्टच्या पैशावर दोन खोल्यांचं संशोधन केंद्र काढून बसले. ह्या किनाऱ्यावरच्या माणसांची कातडी नेमकी कशाने बिघडते, एवढाच त्यांचा प्रश्न. काजूच्या कारखान्यातल्या बायका, आंब्याचा चीक अंगावर उडालेले गडी, मासळी साफ करून बोटांच्या बेचक्या सडलेल्या कोळणी, जो येईल त्याची कातडी ते बोथट पात्याने खरवडायचे आणि तो भुगा काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरायचे. भाताच्या टोपाची खरवड काढावी तसं ते दिसायचं, म्हणून बाजाराने नाव ठेवलं खरवडे. हे त्यांच्या कानावर गेलं तेव्हा म्हणाले, "गावान पयल्यांदाच बरोबर निदान केल्यान."

त्या केंद्रात मी व्यवस्थापक होते. म्हणजे व्यवस्था माझी आणि पसारा त्यांचा. मी प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी चिकटवायची, त्यांनी ती उघडून वास घ्यायचा आणि भलत्याच फळीवर ठेवायची. बशीत काचपट्ट्या, काचपट्ट्यांच्या डब्यात बिस्किटं. मी बोलले की म्हणायचे, "सुलभा, तुझ्यासारखी चार माणसा जगात आसती तर रोग वळीन उभे रवले असते गो." याला कौतुक समजायचं की टोमणा, हे मी आजतागायत ठरवलेलं नाही.

नवीन रोग्याला माझा निरोप ठरलेला असे : अंगाला लागतं ते सगळं पिशवीत घालून आणा. साबण, तेल, पावडर, चपला, घड्याळाचा पट्टा, सगळं. रोगी खुर्चीत टेकतो न टेकतो तोच डॉक्टर गरजायचे, "पिशवी पालथी कर!" टेबलावर ढीग पडायचा आणि त्या ढिगात हमखास ती ट्यूब निघायची. मेडिकलवाला न विचारता देतो ती, खाज एका रात्रीत घालवणारी आणि महिन्याने तिप्पट करून परत आणणारी. डॉक्टर ती दोन बोटांत मेलेल्या पालीसारखी उचलायचे. "ह्या ट्यूबेन रोगाचो चेहरो पुसून टाकल्यान. आता मी ओळखू कोणाक? चोराक बुरखो घालून पोलिसाकडे हाडतास, आणि वर माकाच इचारतास कोण तो!" दार सताड उघडं, व्हरांड्यात बाकीचे रोगी बसलेले, आणि आतलं प्रत्येक वाक्य त्यांना फुकट. दारामागची कडी कुठे आहे हेही कोणाला ठाऊक नव्हतं. दार लावायची सूचना मी अनेकदा केली. "लाज वाटतली म्हणतंस? वाटांदे. खाजेपेक्षा बरी."

दुसरा तिरस्कार 'ॲलर्जी' या शब्दाचा. "ॲलर्जी आसा म्हणे! कसली? नाव सांग. गाव सांग. कारण सापडला नाय म्हणणारो डॉक्टर म्हणजे भिंग घेतलेलो ज्योतिषी." हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा ऐकवलं होतं की व्हरांड्यातल्या बाकालाही ते पाठ झालं असावं.

तर अशा माणसाकडे दिवाळीआधी बाबल आला. बाबल दशावतारात राणीचं काम करायचा. लांबसडक स्वतःचे केस, तुकतुकीत चेहरा, चालणं असं की स्टेजवर आला की बायका आपला पदर सारखा करत. त्या बाबलचं कपाळ केसांच्या कडेने सोललं होतं, पापण्या सुजल्या होत्या, कानांमागून पाणी झिरपत होतं. सोबत कंपनीचे मालक होते. जत्रांचा हंगाम तोंडावर होता. कंपनीत आरसा एक, रंगांची पेटी एक. बाकीचे नट बाबलच्या शेजारी बसायला तयार नव्हते, आणि राणीच्या कामासाठी दुसरा तरुण माणूस मालकांनी हेरून ठेवला होता. बाबलला दुसरं काही काम येत नव्हतं. शेती भावाकडे, लग्न केलं नाही, बाकी आयुष्य पेटीत.

त्याच दिवशी शहरातून एक तरुण त्वचातज्ज्ञ आमचं केंद्र 'पाहायला' आले होते. चकचकीत बूट, हातात फोन. त्यांनी बाबलच्या कपाळाचा फोटो काढला, फोनने क्षणभर विचार केल्यासारखं केलं आणि ते विजयाने म्हणाले, "एक्झिमा. नव्वद टक्क्यांच्या वर खात्री."

"एक्झिमा म्हणजे ग्रीकात 'उतू गेला'," डॉक्टर म्हणाले. "ता माका मालवणीतसुद्धा दिसता. उतू गेला कित्याक, ता तुझ्या फोनाक इचार."

फोन गप्प राहिला. पण मालकांनी मोठा इंग्रजी शब्द ऐकला होता. "लागणारा आसा काय ता?" म्हणत ते खुर्चीसकट मागे सरकले.

पिशवी पालथी झाली. सफेदा, पिवडी, काजळ, कुंकू, खोबरेल तेल, टिकल्यांची पाकिटं. तरुण तज्ज्ञांनी रंगांकडे बोट दाखवलं. डॉक्टरांनी बाबलच्या केसांकडे बघितलं आणि सवयीप्रमाणे, व्हरांड्याला ऐकू जाईल असं विचारलं, "केस रंगवतंस?"

बाबल ताठ झाला आणि त्याने थेट आईची साक्ष काढली. "माझे केस मूळचे काळे, डॉक्टरानू. आवशीकडसून इले हत."

डॉक्टर नुसते हुं म्हणाले. मग त्याच्या पाठीवर पट्ट्या लावल्या. त्याच्या पेटीतल्या प्रत्येक रंगाचा ठिपका, आणि शेजारी आमच्या पेटीतले नेहमीचे संशयित : रबर, धातू, अत्तर, केसांच्या रंगातलं रसायन. दोन दिवस आंघोळ नाही, घाम येईल असं काम नाही. ज्या ठिपक्याचा दोष असेल त्याच्याखालची कातडी लाल होईल. बाबल पाठीवर नकाशा घेऊन दोन दिवस गावात फिरला, आणि "राणयेन पाठीर किती गाव घेतल्यान" म्हणून बाजाराने आपली हौस भागवून घेतली.

पट्ट्या काढल्या, आणखी दोन दिवस जाऊ दिले, पुन्हा पाठ बघितली. डॉक्टर निकाल नेहमी ओरडूनच सांगत. त्या दिवशी ते पाठीवर वाकले आणि हळूच म्हणाले, "सुलभा, दार लाव."

मला कडी शोधावी लागली. कॅलेंडरमागे होती.

"बाबल," डॉक्टर म्हणाले, "तुझे रंग निर्दोष. सगळे सुटले. एकच जागा पेटली हा, ती केसांच्या काळ्या रंगाची."

"तुमचा काय तरी चुकला."

"माझा चुकात. पाठ चुकाची नाय. तिका तुझा वय म्हायत नाय, मालक कोण ताय म्हायत नाय."

बाबलचा हात आपोआप केसांकडे गेला. मग म्हणाला, "पांढऱ्या केसांची राणी चलात काय, डॉक्टरानू? उद्या माका भायर काढतले. मी मगे खंय जाव? माका दुसरा काय येता?"

"त्या दिवशी सगळ्यांसमोर इचारलंय, ता माझा चुकला," डॉक्टर म्हणाले. इतक्या वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होते, आणि ते त्यांना जमतही नव्हतं. कडू औषध घेतल्यासारखं तोंड झालं होतं. "निदान तुझा, कोणाक सांगूचा काय नाय ता तू ठरव. मालकाक मी फक्त लागणारा नाय इतक्याच सांगतंय. रंग मात्र आजपासून बंद. स्टेजर केसांचो टोप घाल. नायतर डोळे जातले."

आम्ही बाहेर आलो. मालक उठून उभे राहिले. "काय निघाला?"

"लागणारा नाय. ह्याच्या बाजूक बसा, ह्याच्या आरशात बघा, ह्याच्या ताटात जेवा."

"पण कशान झाला?"

"तुका झाला? मगे कित्याक इचारतंस?"

"कंपनीतले इचारतले म्हणान. कारण सांगल्याशिवाय ते बसाचे नाय. आणि डॉक्टरानू, कारण सापडला नाय म्हणणारो ज्योतिषी, असा तुमीच सांगतास मा?"

व्हरांडा हसला. मी डॉक्टरांकडे बघितलं. आता हा माणूस उसळणार आणि सगळं ओकणार, याची मला पक्की खात्री होती. चोख उत्तर जिभेवर असताना गप्प बसणं त्यांना माहीत नव्हतं. डॉक्टरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला.

"नाय सापडला," ते म्हणाले.

"नाय सापडला?"

"नाय."

"मगे ही इतकी भिंगा घेवन करतास काय?" मालक आता चढले. "दोन दिस माझ्या माणसाक न्हावूक दिलास नाय, आणि नाय सापडला? त्या फोनवाल्यान बसल्याजागी नाव तरी सांगल्यान!"

डॉक्टरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. व्हरांड्यात कोणीतरी खुसखुसलं. बाबल एवढा वेळ खांबाला टेकून उभा होता. तो पुढे आला, अंबाडा सोडला आणि म्हणाला, "मालकानू, ह्यांका बोला नको. मी केस रंगवतंय. लय वर्सां झाली. त्यानच झाला ह्या."

मालकांनी त्याच्याकडे बघितलं, मग डॉक्टरांकडे, मग परत त्याच्याकडे.

"अरे मेल्या, ता माका काय म्हायत नाय? सगळ्या कंपनीक म्हायत आसा! टेंपोत तू न्हिजतंस त्या उशयेर काळे डाग पडतत, ते काय उशी म्हातारी झाली म्हणान? कपाळ कशान सोलवटला ता सांग!"

"त्यानच," बाबल म्हणाला.

"रंगान?"

"रंगान."

"आणि ता तू सांगूक नाय? तोंडाच्या रंगांची पेटी फेकूक निघालेलंय मी, खुळ्या! नवीन पेटयेचे पैशे काय तुझो बापूस देतलो?" आणि एवढं बोलून मालक मटकन बाकावर बसले. राणीच्या कामासाठी हेरलेल्या त्या दुसऱ्या माणसाचं नाव त्यानंतर कोणी काढलं नाही.

डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला असेल, पण त्यांनी तो दाखवला नाही. "जा लपवूक गेलंस ता सगळ्यांका म्हायत," ते बाबलला म्हणाले, "आणि त्याच्यापायी तोंड जाळून घेतलंस. असलो गाढव माझ्या अख्ख्या नोकरीत बघूक नाय." मग टोपाच्या केसांचा तुकडासुद्धा त्यांनी आधी बाबलच्या पाठीवर लावला आणि तो निर्दोष सुटल्यावरच टोपाला परवानगी दिली.

त्यानंतर केंद्राचं दार निकालाच्या वेळी लागायला लागलं. मी कडीला तेल घातलं. डॉक्टर आतून तितकंच ओरडायचे, त्यामुळे व्हरांड्याचं फारसं नुकसान झालं नाही.

पुढे ट्रस्टला आमच्या कामात काही दिसेनासं झालं. फोटोवरून निदान करणारं काहीतरी त्यांना हवं होतं, तशी पत्रकंही छापून झाली होती. डॉक्टर पुण्याला मुलीकडे गेले आणि तिथेच वारले. श्रद्धांजलीच्या सभेत त्या तरुण तज्ज्ञांनी 'मृदुभाषी मार्गदर्शक' असा शब्द वापरला. मी मधूनच उठून आले.

ते शिरोडं सोडून निघाले त्या सकाळी बाबल आला होता. केस बारीक कापलेले, निम्म्याहून अधिक पांढरे, रात्रीच्या प्रयोगाचं काजळ पापणीच्या कडेला राहिलेलं. गाडी सुरू होती, मुलगी घाई करत होती. डॉक्टर खाली उतरले, बाबलची हनुवटी धरली आणि चेहरा उजेडाकडे फिरवला. कपाळाची कड बघितली, पापण्या बघितल्या, एक कान दुमडला, मग दुसरा.

"साफ," ते म्हणाले. "आता तुझ्यात माका काय इंटरेस्ट रवलो नाय. जा."

"जातंय. पण डॉक्टरानू, एकदा तरी प्रयोगाक येवक व्हया होतास."

"मी कित्याक येव? माका दशावतार आवडत नाय."

"बरा," बाबल म्हणाला. "मगे हनुवटी तरी सोडा."