तळाची माती

वच्छलाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी अमरावतीला घरी होतो, रविवार होता. महिना होत आला... अजूनही बार्शीटाकळीच्या आमच्या कारखान्यात शिरताना कान "जयभीम सायेब" ऐकायला थांबतात.

आमचा कारखाना कपाशीची पऱ्हाटी, तुरीची तुराटी, सोयाबीनचं कुटार म्हणजे भुसा दाबून बॉयलरसाठी पांढरा कोळसा करतो. आलेल्या मालात ओल किती, जाळल्यावर राख किती, हे तपासणारा केमिस्ट मी. आणि ट्रॉलीभर मालातून किलोभर नमुना काढणाऱ्या ताई. पहिल्याच दिवशी मी वरवरच्या दोन मुठी उचलल्या, तर म्हणाल्या, "सायेब, वरवर पाहून कोणी सोयरीक तरी करते का? खाली हात घाला नं." मग दहा ठिकाणचा माल ताडपत्रीवर, त्याचा ढीग, ढिगाचे चार भाग, समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन काढून टाकायचे, पुन्हा ढीग, पुन्हा चार भाग... ट्रॉलीच्या तळाला बसलेली मातीसुद्धा त्या झाडून त्यात घेत. "माती बी मालासंगंच आली नं? तिले काहून वगळाचं?" मला, शिकलेल्या माणसाला, हा निव्वळ चेंगटपणा वाटे.

एकदा ताई जेवायला गेल्या असताना मी ती माती नमुन्यातून झटकून टाकली. राख कमी आली, अहवाल झकास गेला, आणि गिऱ्हाइकाच्या बॉयलरमध्ये राखेचे थर साचले. मालकांनी अंगणात सगळ्यांसमोर विचारलं. माझ्या तोंडून निघालं, "नमुना ताईंनी काढला होता." ताईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं, "बरं" म्हणाल्या आणि ताडपत्री झटकायला लागल्या. त्यानंतरही चार वर्षं त्या आपल्या डब्यातली भाकर मला देत राहिल्या. माफी मागायची राहूनच गेली. राहून गेली कसली, मी टाळली.

त्या गेल्यावर पंधरा दिवसांत माल पाठवणाऱ्या एकाने, राख जास्त दाखवून भाव कापला म्हणत, त्यांच्या शेवटच्या नमुन्यावर बोट ठेवलं. "बाई आजारी होती, हात चालत नसन तिचा." अशा वेळेसाठी प्रत्येक नमुन्याचा थोडा भाग वेगळ्या पिशवीत बांधून ठेवलेला असतो. मी त्याच्यासमोर ताईंनी मारलेली गाठ सोडली, भट्टी लावली. राख आधीच्या अहवालाशी जुळली. त्याने अहवालावर सही केली. मला आता गप्प राहवेना. त्याच अंगणात मी मोठ्याने सांगून टाकलं, तेव्हाची चूक माझी होती, ताईंची नव्हती.

माल उतरवणाऱ्या शांताबाई पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "आमाले मालूम हाय. तायनं तवाच सांगतलं होतं. म्हने, नवा मानूस हाय, चारचौघांत त्याची मान खाली जावाले नको."

मला रडू आवरलं नाही. एकदा तरी रागवायचं होतं ताई, मग मला बोलता तरी आलं असतं...

पिशवीत अजून मूठभर कुटार उरलंय. वाद मिटला की ते टाकून द्यायचं, असा नियम आहे. मी ते टेबलाच्या खणात ठेवलंय. ताई असत्या तर त्यांनीच मला ते टाकायला लावलं असतं.