देवाचं तोंड

“गुर्जी, काय बोलला वो देव?” अंगातलं वारं उतरलं की घाम पुसत मामा पहिलं हेच विचारायचे. खुटबावजवळच्या एका वस्तीवर मी तेव्हा शाळामास्तर होतो. सगळी वस्ती ज्यांना मामा म्हणायची, त्या म्हाताऱ्याच्या अंगात जत्रेत दुपारी ढोल घुमू लागले की देव यायचा आणि ते वर्षाची भाकणूक सांगायचे. पाऊस, पीक, रोगराई. ढोलांत कोणाला काही ऐकू येत नसे. म्हणून मास्तरानं त्यांच्या तोंडाशी कान लावून ती वहीत उतरवायची आणि मग देवळापुढं वाचायची, अशी तिथली रीत. खुद्द मामांना त्यातलं अक्षर आठवत नसे.

मी एकदा ‘भविष्य’ म्हणालो, तर केवढे रागावले! “भविष्य जोतिषी सांगतो. ही भाकणूक. भाकणं म्हंजी बोलणं. बोलणारा त्यो, माझं निस्तं तोंड हाय.” घरी येऊन शब्दकोश उघडला, तर म्हातारा बरोबर. करुणा भाकणारा तरी कुठं पुढचं सांगत असतो?

घरात मात्र या तोंडाला किंमत नव्हती. मामी विचारायच्या, “अवं, आभाळ आलंय, गवऱ्या आत घिऊ का?” मामा म्हणायचे, “मला काय ठावं?” अंगात येणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. इतका निगर्वी मला दुसरा भेटला नाही.

एका वर्षी त्यांच्या एकुलत्या मुलाला कारेगावकडच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर काम लागलं. जत्रेनंतरच्या सोमवारी हजर व्हायचं होतं. जत्रेत मामा पावसाचं बोलले, ज्वारीचं बोलले आणि मग एकदम खालच्या आवाजात म्हणाले, “ह्या तोंडाच्या घरचं पोर लोखंडाकडं धाडू नगा.”

माझा हात थांबला. मी शिकलेला माणूस. असल्या बोलण्यापायी पोराची नोकरी घालवायची? ते वाक्य मी लिहिलं नाही आणि वाचलंही नाही. मामांनी विचारलं तेव्हा म्हणालो, “पाऊस चांगला आहे.” मामा खूश झाले.

दिवाळीच्या आधी प्रेसखाली सापडून मुलगा गेला.

दहावा झाल्यावर मामा शाळेत आले. “गुर्जी, समदं वाचलं व्हतं न्हवं? माझ्या पोराचं कायबी न्हवतं?”

“नव्हतं, मामा.”

त्यांच्या जिवाला आणखी घोर नको म्हणून खोटं बोललो, अशी मी बरेच दिवस समजूत घातली. खरं म्हणजे मी घाबरलो होतो.

मामा पुन्हा देवळाची पायरी चढले नाहीत. जत्रेत ढोल वाजायचे, तेव्हा ते दार लावून घरात बसायचे. माझी बदली झाली तेव्हा आज सांगायचंच असं ठरवून मी निरोप घ्यायला गेलो. ती शेवटची भेट. मामींनी चहा दिला.

“वीस वरसं त्याचं तोंड झालो, गुर्जी,” मामा म्हणाले. “गावच्या गुराढोरांचं बोलला. माझ्या लेकराचं बोलला न्हाई. तुम्ही तरी जसंच्या तसं सांगत आलात.”

आणि बापाच्या वयाचा तो माणूस माझ्या पाया पडायला वाकला. मी वाकू दिलं.